बाईंची इंग्रजी पोथी

बाईंना रंगीत सिनेमा चालत नसे. रंग आला की बायकांचं लक्ष नटीच्या कपड्यांकडे जातं आणि बोलण्याकडे कान राहत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. सिनेमा हवा तर काळापांढरा, इंग्रजी, अमेरिकेतला, आणि त्यात एक बाई नि एक बुवा भांडता भांडता एकमेकांच्या प्रेमात पडलेले हवेत. खून नको, भुतं नकोत, लढाई तर बिलकुल नको. असे सिनेमे हॉलिवूडमध्ये एके काळी ढिगानं निघाले म्हणे. पुण्याचा भाचा दिवाळीला आला की बाई त्याच्यासमोर चकल्यांचा डबा ठेवायच्या आणि त्याशेजारी रिकामा पेनड्राइव्ह. डबा रिकामा व्हायचा, पेनड्राइव्ह भरायचा.

मी अंबडला पंचायत समितीत नोकरीला लागले तेव्हा बाईंच्या घरची वरची खोली भाड्यानं घेतली. बाई हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले, मूलबाळ नाही, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी खेळ सोडून पुस्तकं उघडावीत. खोली बघायला गेले तेव्हा त्या नियम ऐकवणार म्हणून मी तयारीत होते. त्यांनी ऐकवलेही, पण भलतेच.

"मटण कर, अंडी कर, उशिरा ये, माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारची दुपार मात्र माझी. पोथी असते."

पोथी म्हटल्यावर मला हायसं वाटलं. आमचं गाव राजूरच्या पुढं. तिथं श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो आणि थांबतो. मग दुसरा तिचा अर्थ सांगतो, गावातले दाखले देतो, चिमटे काढतो, मनात आलं तर रडवतोसुद्धा. वाचायला कोणीही चालतो, सांगायला मात्र तसा माणूस लागतो. आमच्या गावात तो माणूस म्हणजे माझे वडील. आबा सातवीपर्यंत शिकलेले, पण ते सांगायला लागले की तंबाखू मळणारे हात थांबत. पोथीचा एक नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ती एकदा लागली की अर्धी सोडायची नाही आणि मधेच उठायचं नाही.

तर पहिल्या शनिवारी मी आंघोळ करून, डोक्यावर ओढणी घेऊन खाली गेले. खिडक्यांवर जाड चादरी टाकलेल्या, सतरंजीवर गल्लीतल्या दहाबारा बायका, समोर टीव्ही आणि टीव्हीच्या बाजूला वेताच्या खुर्चीत बाई. टीव्हीवर एक हॅटवाला एका बाईच्या अंगावर सूप सांडत होता आणि ती त्याला फाडफाड बोलत होती. बाईंनी रिमोटचं बटण दाबलं. दोघंही जागच्या जागी थांबले.

"ती म्हणाली," बाई म्हणाल्या, "की यात तुमची चूक नाही, तुमच्या हातात वाटी देणाऱ्याची आहे."

बायका खळखळून हसल्या.

"आता याचा अर्थ. तिला राग आलेला नाही. आला असता तर ती निघून गेली असती. ती थांबून बोलते आहे, म्हणजे तिला तो आवडलाय. हे तिला अजून माहीत नाही. आपल्याला माहीत आहे."

मी डोक्यावरची ओढणी हळूच खाली घेतली.

दीड तासाचा सिनेमा असा तीन तास चालायचा. वाचणाऱ्याही बाई आणि सांगणाऱ्याही बाईच. मधे दुसऱ्या कोणी अर्थ लावला तर त्यांना खपायचं नाही. एकदा भाजीवाली आक्का म्हणाली की हा पोरगा हिला फसवणार. बाईंनी सिनेमा थांबवून तिच्याकडे असं पाहिलं की आक्कानं पुढचे दोन शनिवार फक्त माना डोलावल्या. शेवटी हातावर फुटाणे आणि खडीसाखर मिळायची. प्रसाद घेतल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम बाईंनी देवळातून जसाच्या तसा उचलला होता.

बाईंच्या हिशोबी या सगळ्या सिनेमांना पाचच वळणं असतात. भेट, भांडण, खोटं, फजिती आणि धावाधाव. दोघं भेटतात. भांडतात. मग दोघांपैकी एक जण काहीतरी खोटं बोलतो. ते चारचौघांत उघडं पडतं. आणि शेवटी कोणीतरी कोणाच्या तरी मागं धावतं, स्टेशनावर, बंदरावर, नाहीतर तिसऱ्याच कोणाच्या लग्नात. बाई सगळं अंबड याच मापानं मोजायच्या. बाजारात एखादा पोरगा आणि एखादी पोरगी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालताना दिसली की मला कोपरानं ढोसून म्हणायच्या, "दुसरं वळण." एका साखरपुड्यात तर त्या नवरीच्या आईला तोंडावर म्हणाल्या, "सगळं छान आहे हो, पण यांचं अजून भांडण झालेलं दिसत नाही. मला काळजी वाटते." त्या घरून नंतर बाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. खरं बोललं की हळद कमी लागते, म्हणाल्या.

चारपाच शनिवार झाल्यावर माझा संयम संपला. मी म्हटलं, "बाई, या सगळ्यांची गोष्ट एकच आहे. पहिल्या पाच मिनिटांत शेवट कळतो."

"वरण रोज एकच असतं. जेवतेस ना रोज?"

"ते पोटासाठी."

बाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढून बोलल्या की समजावं, आता थट्टा संपली. "शेवट माहीत नसला की माणूस घाबरत घाबरत बघतो," त्या म्हणाल्या. "माहीत असला की नीट बघतो. तुझे वडील पोथी सांगतात म्हणालीस ना? त्यांच्या गावाला शेवट माहीत नसतो का? मग का येतात लोक?"

पुढच्या शनिवारपासून मी नीट बघायला लागले. तेव्हा कुठं मला दिसलं की सिनेमातल्या बायका, त्या हॅटवाल्यांसमोर उभ्या राहणाऱ्या बायका, काय बोलतात. एकही वाक्य खाली पडू देत नाहीत. आपल्याकडे पोरगी बघायला आले की ती चहाचा ट्रे धरते, नाव नि शिक्षण सांगते आणि जमिनीकडे बघते. बाईंना त्या सिनेमांत खरं म्हणजे प्रेमाचं एवढं कौतुक नव्हतं. त्यांना कौतुक होतं ते दोघांच्या बोलण्याचं.

आणि ते बोलणं गल्लीत मुरत होतं. समोरच्या शिंप्याची बायको लग्न झाल्यापासून सासूपुढं अवाक्षर काढत नव्हती. एका सिनेमात नायिका एका बडबड्या म्हाताऱ्याला म्हणाली होती, तुमचं बोलून झालं की मला सांगा, तोवर मी जेवून येते. आमटीत मीठ जास्त पडलं त्या दिवशी शिंपीणबाईनं हेच सासूला ऐकवलं. घरात म्हणे सगळे थिजले. मग सासूच फिसकन हसली आणि विचारलं, "हे कुठं शिकून आलीस गं?" त्या शनिवारपासून सासूही सतरंजीवर येऊन बसायला लागली आणि तिनं पहिल्याच दिवशी भिंतीकडची जागा धरली.

लाईट जाणं हे आमच्याकडे पाहुण्यासारखं नव्हे, घरच्या माणसासारखं. एकदा नेमकी पाचव्या वळणावर लाईट गेली. नायिका बंदराकडे निघालेली, बोट सुटायच्या बेतात. आक्का म्हणाली, "चला, बाकीचं पुढल्या शनिवारी." बाई म्हणाल्या, "पोथी अर्धी ठेवत नाहीत. बसा." त्यांनी मेणबत्ती लावली, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि दोघांचंही काम स्वतः केलं. नायिका म्हणून खोलीभर धावल्या, नायक म्हणून कपाटाला टेकून सिगारेट ओढल्यासारखं केलं. गुडघे धड नाहीत, त्यात धावताना तांब्याला पाय लागला आणि पाणी सतरंजीभर झालं, तरी थांबल्या नाहीत. नंतर लाईट आली आणि आम्ही खरा शेवट पाहिला. आक्का म्हणाली, "बाई, तुमचाच चांगला व्हता."

एका दुपारी भांडी विसळताना मी त्यांना विचारलं की हे वेड कुठून लागलं. बी.एड.ला औरंगाबादला असताना एका प्राध्यापकांनी वर्गाला असा एक सिनेमा दाखवला होता, एवढंच त्यांनी सांगितलं. मग बराच वेळ कढई घासत राहिल्या. "आमच्या संसारात भांडण झालंच नाही गं," त्या म्हणाल्या. "ते बोलत नसत, मी बोलत नसे. माणूस वाईट नव्हता. गेले तेव्हा मी रडले ते याचसाठी, की मला त्यांचा आवाज आठवेना." मला फार वाईट वाटलं. बाईंनी कढई माझ्या हातात दिली आणि नीट पूस म्हणाल्या.

आता माझं सांगते. तोही पंचायत समितीत होता, कृषी सहाय्यक. आमची ओळख कार्यालयातल्या चालू असलेल्या एकमेव पंख्याखालच्या जागेवरून झाली. त्या जागेवर मी फाईल ठेवली होती, त्यानं ती उचलून खुर्ची सरकवली, आणि मी त्याला असं काही बोलले की साहेबांच्या केबिनमधली कुजबुज थांबली. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूष झाल्या की त्या दिवशी माझ्यासाठी पुरण शिजलं. त्यांनी त्याचं नावच पंखेवाला ठेवलं. मग त्यांनी आडनाव विचारलं आणि मी सांगितलं.

त्याचं घर बौद्ध, आमचं मराठा. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

बाईंनी चष्मा काढला. "त्या सिनेमांत जात नसते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर दीड तासात उरकतं. तुझं लांबेल. पण वळणं तीच आहेत, आणि त्यातलं तिसरं तू घ्यायचं नाहीस. खोटं बोलायचं नाही. जे खोटं बोलतात तेच पुढं तोंडघशी पडतात. घरी जा आणि सरळ सांग."

मी गावी जाऊन सरळ सांगितलं. पंचाईत अशी की आबा त्याला ओळखत होते. अंबडला येण्याआधी तो राजूरच्या बाजूला होता. बोंडअळीच्या वर्षी त्यानं आमच्या कपाशीत सापळे लावून दिले होते, आमच्या बांधावर बसून भाकरी नि ठेचा खाल्ला होता, आणि आबांनी त्याच्या डब्यातली मेथीची भाजी खाल्ली होती. गावात त्याला सगळे नुसतं साहेब म्हणायचे. आबा तर वर्षभर म्हणत होते, असं पोरगं एखाद्याच्या घरात पायजे. तो साहेब म्हणजे हाच, असं मी सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि आबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. ते एकच शब्द बोलले. "न्हाई."

मी अंबडला परतले आणि बाईंना सगळं सांगितलं, अगदी डब्यातल्या मेथीपर्यंत. चार दिवसांनी आईचा फोन आला. वडीगोद्रीचं स्थळ नक्की झालं होतं, सोमवारी सुपारी फोडायची होती. शनिवारी आबा मला न्यायला येणार होते आणि नोकरीचं नंतर बघू म्हणाले होते. आई रडत होती, त्यामुळं मला रडता आलं नाही. आबा एकदा नाही म्हणाले की त्यांच्यासमोर मला बोलता येत नाही. ते चल म्हणाले की मी चालायला लागणार, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. एकदा त्या बसमध्ये बसले की मी परत येणार नव्हते.

मी बाईंना म्हटलं, "मी शुक्रवारी संध्याकाळीच मैत्रिणीकडं निघून जाते."

"पळायचं ते पाचव्या वळणावर," बाई म्हणाल्या. "आत्ता नाही. शनिवारी खाली येऊन बस."

शनिवारी आबा आले तेव्हा सिनेमा नुकताच सुरू झाला होता. स्वच्छ धोतर, टोपी, आणि हातात रेग्झिनची मोठी रिकामी बॅग, माझे कपडे भरायला आणलेली. बाईंनी दार उघडलं. मी सतरंजीवर आक्काच्या आडोशाला बसले होते.

"मी पोरीला न्यायला आल्तो," आबा म्हणाले.

"न्या की," बाई म्हणाल्या. "पण चपला बाहेर काढा. पोथी लागली आहे."

आबांनी मुकाट्यानं चपला काढल्या, आत आले आणि सवयीनं समोर हात जोडले. समोर टीव्हीवर एक सूटवाला म्हातारा सिगार ओढत होता. जोडलेले हात कुठं न्यावेत हे आबांना कळेना. शिंपीणबाईच्या सासूनं तोंडात पदर कोंबला.

"ही कसली पोथी?" आबांनी विचारलं.

"इंग्रजी. लागली की मधेच उठत नाहीत. तुम्हांला ते माहीत असेलच."

"ठावं हाये," आबा म्हणाले आणि बॅग मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले. माझ्याकडं पाहिलं नाही.

गोष्ट एका बिस्किटांच्या कारखानदाराची होती. त्याची लाडकी लेक एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पोरावर जीव लावून बसलेली, आणि बापानं त्या पोराचं तोंडही न बघता नाही म्हटलेलं. बाई नेहमीसारख्या थांबवत होत्या, बोलणं मराठीत सांगत होत्या, अर्थ लावत होत्या. पण त्या दिवशी त्यांचा अर्थ फारच थोडक्यात उरकत होता. मी आबांकडं चोरून पाहत होते. पहिल्यांदा त्यांचा चेहरा दगड होता. मग त्यांची मान हलायला लागली, नकारार्थी. एखाद्या सुताराच्या पुढ्यात दुसऱ्यानं वाकडा खिळा मारावा तशी ती हलत होती. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बाई, तुम्ही जल्दी जल्दी सांगून राह्यलेत," ते म्हणाले. "ह्या बायांना कळंना झालंय. तो बाप असा कामून वागला, ते उलगडून सांगावं लागतं."

सगळ्या बायका बाईंकडं बघायला लागल्या. आक्कानं माझा हात धरला. बाई मात्र शांत होत्या.

"मग तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "मी वाचते."

आबांनी बॅग बाजूला ठेवली. ते जरा पुढं सरकून मांडी घालून बसले आणि सांगायला लागले. बाई एकेक वाक्य मराठीत करून द्यायच्या आणि आबा ते उचलायचे. कारखानदाराला त्यांनी आमच्या गावचा सरपंच केला, बिस्किटांच्या कारखान्याचं गुऱ्हाळ केलं, अमेरिकेतल्या त्या उंच इमारतीला राजूरच्या गणपतीच्या पायऱ्या लावल्या. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मीसुद्धा हसले. मला दोन घटका विसर पडला की हा माणूस मला न्यायला आलाय.

मग म्हातारा कारखानदार लिफ्टमध्ये अडकला. त्याला बाहेर काढायला तोच पोरगा आला आणि तोही आत अडकला. समोरचा कोण ते दोघांनाही माहीत नाही. दोघांनी अंधारात पोराच्या डब्यातलं वाटून खाल्लं, गप्पा मारल्या, आणि म्हातारा म्हणाला की माझ्या लेकीनं तुझ्यासारखा शोधला असता तर मी काही बोललो नसतो. लिफ्ट सुरू झाली. दार उघडलं. बाहेर लेक उभी होती, आणि ती त्या पोराला नावानं हाक मारून बिलगली. म्हाताऱ्याचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. तो ओरडला, चालता हो. बाईंनी बटण दाबलं.

"बाप म्हणाला, चालता हो," बाई म्हणाल्या. "सांगा."

आबा रंगात होते. "आता हा बाप चिडला," ते म्हणाले. "कामून चिडला? घटकाभर आधी ह्याच पोराच्या डब्यातलं खाल्लं. तवा लई ग्वाड लागलं. पोरगं तेच हाये, हात तेच हायेत. फक्त नाव कळलं. मंग नाव कळल्यावर पोटातला घास कडू झाला का? घास तर कवाच गेला पोटात. म्हंजे बायांनो, इथं पोराची चूक न्हाई, पोरीची तर बिलकुल न्हाई. चूक बराबर ह्या बापाची..."

आणि ते थांबले.

वर पंखा फिरत होता. आबांचा हात अर्थ सांगताना वर गेलेला, तो तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि आपल्याच तळव्याकडं पाहिलं.

"हे तुम्ही मुद्दाम लावलं," ते बाईंना म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "पोथी मुद्दामच लावतात."

आबांनी दाराकडं पाहिलं. मग बॅगेकडं. ते उठले असते तर मीही त्यांच्यामागं उठले असते, हे मी आज मोकळेपणानं सांगते. माझ्यात तेवढंच बळ होतं. शिंपीणबाई, तिची सासू, आक्का, कोणी हालत नव्हतं. बाई रिमोट घेऊन ताठ बसल्या होत्या आणि अंगठा बटणावर ठेवूनही दाबत नव्हत्या. त्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, तेव्हाच काय ते पाहिलं.

"वाचा पुढं," आबा म्हणाले.

ते शेवटपर्यंत बसले. मात्र नंतर त्यांनी अर्थ सांगितला नाही आणि बाईंनीही मागितला नाही. बायकांनी नुसताच सिनेमा पाहिला. प्रसादाला आबांनी हात पुढं केला, फुटाणे तोंडात टाकले आणि चपला घातल्या.

मी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत गेले. जालन्याची बस लागली होती. आबा बॅग हातात धरून उभे होते.

"तुला काय वाटतं, मला तुझ्या लग्नाचं भेव हाये?" ते म्हणाले. "पोरगं चांगलं हाये ते मला आधीपासून ठावं हाये. मला त्या जागेचं भेव हाये. उद्या गाव मला देवळात बसू देईल, पण सांगू देणार न्हाई. म्हणतील, ह्याच्या घरात काय झालं ते बघा आन ह्याचं ऐका."

"मग, आबा?"

"मंग काय. अर्थ मीच सांगितला सगळ्या बायांपुढं. आता माझ्याच तोंडानं फिरवू कसा?"

बस हलली. आबा खिडकीत बसले होते आणि रिकामी बॅग त्यांच्या मांडीवर होती. वडीगोद्रीला त्यांनी काय कळवलं ते मला आजतागायत माहीत नाही. आमचं लग्न जालन्याच्या नोंदणी कार्यालयात झालं. आबा आले, साक्षीदार म्हणून सही केली, जावयाला पाणी देणाऱ्याच्या हातातला ग्लास घेऊन स्वतः त्याला दिला, आणि न जेवता गेले. चुलते कोणीच आले नाहीत. बाईंनी त्या दिवशी नेहमीची पांढरी साडी सोडून हिरवी नेसली होती आणि कार्यालयातल्या कारकुनाला विचारत होत्या की यांचं भांडण झालेलं आहे, ते कुठं लिहायचं.

आबांचा अंदाज खरा ठरला. श्रावणात ते देवळात गेले तेव्हा त्यांच्या आसनावर दुसरा माणूस बसला होता. कोणी काही बोललं नाही, कोणी भांडलं नाही. त्यांना बाजूला बसायला जागा करून दिली एवढंच. आईनं मला फोनवर सांगितलं की ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि जेवले नाहीत. मला माझ्या लग्नाचा त्या रात्री राग आला, आणि त्या रागाचाही राग आला.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही दोघं बाईंकडे होतो. सिनेमा निम्म्यावर आला होता. दारात आबा उभे होते. या वेळी हातात काही नव्हतं. चपला त्यांनी सांगण्याआधीच काढल्या होत्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"गावात मला सांगायला जागा राह्यली न्हाई, बाई," ते म्हणाले.

बाईंनी सिनेमा थांबवला. त्यांना सांत्वन करता येत नसे, म्हणून त्या फंदात पडल्या नाहीत. त्या वेताच्या खुर्चीतून उठल्या. त्या खुर्चीत मी दुसऱ्या कोणालाही बसलेलं पाहिलं नव्हतं, भाच्यालाही नाही. त्यांनी ती ओढून बायकांकडं तोंड करून ठेवली, भिंतीला धरून, गुडघे सांभाळत, कण्हत सतरंजीवर आक्काच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "या. हिच्या घरच्यांनी ठरवलेलं लग्न ही मोडून आली आहे. बाहेर पाऊस आहे आणि हिला कोणी दार उघडत नाही. इथवर आलोय."

आबा आत आले. खुर्चीच्या कडेवर टेकले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली, टीव्हीवरच्या त्या भिजलेल्या पोरीकडं बराच वेळ पाहिलं, आणि माझ्याकडं न बघता घसा साफ केला.

"ह्या पोरीचं काही चुकलं न्हाई, बायांनो," ते म्हणाले. "आधी तेवढं ध्यानात घ्या."